झोंपलेली हार्ड डिस्क जागी कां होत नाहीं ?

(नभोवाणीवरील भाषण)



आज ज्या विषयावर मी बोलणार आहें तो दिसावयास लहान आहे. परंतु ज्या घरीं ही अडचण येते, त्या घरची एखादी संध्याकाळ ती सहज खाऊन टाकते. घरांतील सर्वांच्या उपयोगी पडावी म्हणून एक बाह्य हार्ड डिस्क आणलेली असते. ती बैठकींतल्या संगणकास किंवा वाय-फायच्या राउटरला जोडून ठेवतात, आणि इतर खोल्यांतील संगणक घरगुती नेटवर्कवरून तिच्यांतील मजकूर वाचतात. लग्नामुंजींचीं छायाचित्रें, मुलांचे दाखले, घराचे कागद, वडिलांच्या आवाजाचें एखादें ध्वनिमुद्रण असें सर्व कांहीं तींत सांठविलेलें असतें. सकाळीं सारें सुरळीत चालतें. दुपारभर तिच्याकडे कोणी फिरकत नाहीं. संध्याकाळीं पाहुण्यांना छायाचित्रें दाखवावीं म्हणून फोल्डर उघडावयास जावें, तों पडदा स्तब्ध होतो, आणि थोड्या वेळानें 'ही जागा सांपडत नाहीं' अशा अर्थाचा निरोप येतो. मग घरांतलें कोणी तरी उठतें, डिस्कची तार उपटतें आणि पुन्हां खोंचतें. बहुधा डिस्क चालूं लागते, आणि त्या दिवसापासून तोच उपाय घरांत रूढ होतो.

हा उपाय घातक आहे, आणि बहुतेक वेळां तो अनावश्यकहि आहे, एवढें आज मला सांगावयाचें आहे.

घातक कां, तें आधीं पाहूं. डिस्कवर लिहावयाचा मजकूर संगणक कधीं कधीं क्षणभर आपल्या स्मृतींत धरून ठेवतो आणि मग सवडीनें लिहितो. नेमक्या त्या वेळीं तार उपटली तर ती एक फाईल बिघडतेच. पण कोणती फाईल डिस्कवर कोठें ठेवली आहे याची जी सूची डिस्कवरच असते, तिचा भागहि अर्धवट राहूं शकतो. ग्रंथालयांतील पुस्तकें जागच्या जागीं, पण सूचीचें पान फाटलेलें, अशी ती स्थिति होय. दूरच्या खोलींत बसलेल्या माणसास त्या क्षणीं लिहिणें चालू आहे कीं नाहीं, हें कळण्याचा मार्ग नसतो.

आतां ही डिस्क मुळांत झोंपते कां ? हार्ड डिस्क म्हणजे चुंबकीय लेप दिलेल्या तबकड्या व त्यांवरून फिरणारें वाचनशीर्ष. १९५६ सालीं आयबीएम कंपनीनें बाजारांत आणलेल्या पहिल्या हार्ड डिस्कमध्यें २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, आणि त्यांवर सुमारें ५० लक्ष अक्षरें मावत. आज तळहातावर राहणाऱ्या डिस्कवर एक टेराबाइट, म्हणजे एक लक्ष कोटि बाइट, मावतात. आकार बदलला, तरी तत्त्व तेंच आहे. तबकडी मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेते. ७,२०० फेऱ्यांच्या मोठ्या डिस्कमध्यें तबकडीची कड ताशीं सव्वाशे किलोमीटरांहून अधिक वेगानें धांवत असते. वाचनशीर्ष तिला न टेकतां, केसाच्या जाडीच्या हजारों पटींनीं कमी अंतरावर तरंगत असतें. अशी मोटर अष्टौप्रहर फिरत ठेवावयाची तर वीज लागते, उष्णता वाढते आणि बारीक घरघर सुरू राहते. म्हणून कांहीं वेळ काम न मिळाल्यास वाचनशीर्ष बाजूच्या उतरणीवर नेऊन ठेवावयाचें आणि मोटर थांबवावयाची, अशी योजना केलेली असते. हीच डिस्कची झोंप. या झोंपेंत तिचें विद्युन्मंडळ मात्र जागें असतें आणि हांकेची वाट पाहत असतें. हांक आली कीं मोटर पुन्हां फिरूं लागते. पण पूर्ण गति येण्यास साधारणतः पांच ते पंधरा सेकंद लागतात. हे पांच ते पंधरा सेकंद लक्षांत ठेवा. पुष्कळशा तक्रारींचें मूळ त्यांतच आहे.

डिस्क आपल्या संगणकाला थेट जोडलेली असली तर हा विलंब आपल्याला ऐकूं येतो. मोटरचा चढता आवाज कानीं पडतो, आणि आपण स्वस्थ बसतों. नेटवर्कवर मात्र मध्यें चार पात्रें असतात. पहिलें पात्र म्हणजे तुमच्या हातांतील संगणक. तो मागणी करतो. दुसरें, ज्याला डिस्क जोडली आहे तो संगणक किंवा राउटर. त्याला आपण यजमान म्हणूं. तिसरें पात्र डिस्कच्या पेटींतच असलेली एक लहानशी चकती. ती यूएसबीची भाषा डिस्कच्या भाषेंत उतरवून देते, म्हणून तिला दुभाषी म्हणावयास हरकत नाहीं. आणि चौथें पात्र ती डिस्क स्वतः. या चौघांपैकीं कोणीहि झोंपलेला असूं शकतो, आणि कोणीहि झोंपला तरी दूरच्या पडद्यावर निरोप मात्र एकच उमटतो. त्यामुळें आपण दोष नेहमीं डिस्कला देतों.

त्यांतहि मौज अशी कीं, यांतील प्रत्येकाचें झोंपण्याचें घड्याळ निराळें असतें, आणि एकाचें घड्याळ दुसऱ्याला ठाऊक नसतें. यजमान संगणकावर विंडोज असेल तर संपूर्ण संगणक झोंपविण्याची एक मुदत असते. हार्ड डिस्क थांबविण्याची दुसरी असते, आणि ती पुष्कळ ठिकाणीं मुळांतच २० मिनिटांवर लावलेली आढळते. यूएसबीच्या वाटा मिटण्याची व्यवस्था तिसरी. यांशिवाय डिस्कच्या निर्मात्यानें पेटींत स्वतःचें घड्याळ घातलेलें असतें तें निराळेंच. एखादा गृहस्थ विंडोजमधील मुदत काढून टाकतो, तरी डिस्क झोंपतेच, आणि मग तो म्हणतो कीं, सांगितलेला उपाय खोटा. उपाय खोटा नसतो. त्यानें एक घड्याळ थांबविलें, पण दुसरें चालूच राहिलें.

तेव्हां पहिलें काम हें कीं, कोणाचें घड्याळ वाजतें तें शोधावें. याला कोणतेंहि यंत्र लागत नाहीं. कागद, पेन्सिल आणि भिंतीवरचें घड्याळ पुरे. डिस्कवरील एखादी फाईल उघडून मिटा आणि वेळ लिहून ठेवा. दहा मिनिटांनीं पूर्वीं न उघडलेली दुसरी एखादी फाईल उघडा. तीच फाईल पुन्हां उघडूं नये. कारण संगणक ती आपल्या स्मृतींतून काढून देईल, आणि डिस्क झोंपलेली असूनहि जागी आहे असा भास होईल. पुढें वीस मिनिटांचा विसांवा देऊन तेंच करा, मग चाळीस मिनिटांचा. कितव्या मिनिटानंतर गाडी अडते तो आंकडा मिळाला कीं अर्धें काम झालें. मग एका वेळीं एकच मुदत बदला आणि पुन्हां मोजा. आंकडा बदलला तर तुम्हीं बरोबर घड्याळ धरलें. न बदलला तर तें सोडून पुढच्याकडे वळा. चार गोष्टी एकदम बदलणाऱ्यास अडचण दूर झाली तरी ती कशानें झाली हें कधींच कळत नाहीं, आणि पुढच्या वेळीं तो पुन्हां अंधारांतच असतो.

दुसरें काम प्रत्यक्ष पाहणीचें. निरोप येतांच यजमान संगणकापाशीं जा. पण त्याला हात लावूं नका. कळ दाबली कीं झोंपलेला यजमान जागा होईल आणि पुरावा नाहींसा होईल. आधीं नुसतें पाहा आणि ऐका. त्याचा दिवा मंदपणें उघडझांप करीत आहे आणि पंखा बंद आहे, तर यजमानच झोंपला आहे. यजमान जागा असून डिस्क निःशब्द आहे, तर त्याच्याच पडद्यावर तो फोल्डर उघडा आणि वीस सेकंद धीर धरा. मोटर फिरूं लागून फोल्डर उघडला, आणि त्यानंतर दूरच्या संगणकावरूनहि तो उघडूं लागला, तर डिस्क निर्दोष आहे. ती उठत होती, पण मागणाऱ्यानें तितका वेळ वाट पाहिली नाहीं, एवढाच त्याचा अर्थ. याची आणखी एक खूण अशी कीं, पहिल्या हांकेला नकार येतो आणि अर्ध्या मिनिटानें घातलेल्या दुसऱ्या हांकेला तीच डिस्क मुकाट्यानें उत्तर देते. ज्यांच्या घरीं असें होत असेल त्यांनीं तार उपटण्याऐवजीं दुसऱ्यांदा हांक मारावी, एवढा उपदेश पुरे आहे.

पण यजमानापाशीं बसूनहि फोल्डर उघडत नसेल, डिस्कचा दिवा मात्र जळत असेल, तर संशय दुभाष्यावर घ्यावा. झोंपलेल्याला जागें करतां येतें, पण झोंपेचें सोंग घेतलेल्याला जागें करतां येत नाहीं, अशी आपल्याकडे म्हण आहे. दुभाष्याची गति कधीं कधीं तशीच होते. यूएसबीची वाट मिटून पुन्हां उघडली, कीं कांहीं हलक्या प्रतीचे दुभाषे भांबावतात. डिस्क फिरत असते, यजमानहि जागा असतो, आणि मधला बोलत नाहीं. अशा वेळीं यजमान संगणक रीतीप्रमाणें बंद करून पुन्हां सुरू करावा. तार काढणें भागच पडलें तर संगणक बंद झाल्यावर काढावी.

आतां प्रत्येकाचे उपाय थोडक्यांत सांगतों. यजमान संगणक झोंपत असेल तर पॉवर ऑप्शन्समध्यें त्याची झोंपेची मुदत काढून टाकावी; पडदा काळा होऊं द्यावा, संगणक नको. मॅक असेल तर 'वेक फॉर नेटवर्क ॲक्सेस' ही खूण लावावी, आणि 'पुट हार्ड डिस्क्स टू स्लीप व्हेन पॉसिबल' ही काढावी. झोंपलेल्या संगणकास दुरून उठविण्याचीहि एक युक्ति आहे. तिला वेक-ऑन-लॅन म्हणतात. नेटवर्कवर एक विशिष्ट संदेश सोडावयाचा. त्यांत आरंभीं २५५ ही संख्या सहा वेळां असते, आणि पुढें त्या संगणकाच्या नेटवर्क-कार्डाचा सहा बाइटांचा पत्ता सोळा वेळां. म्हणजे सहा आणि शहाण्णव मिळून १०२ बाइट. संगणक झोंपला तरी त्याचें कार्ड एवढी एक हांक ओळखण्यापुरतें जागें राहतें. मात्र यासाठीं संगणक राउटरला तारेनें जोडलेला असावा. वाय-फायवर या युक्तीचा भरंवसा धरतां येत नाहीं.

यूएसबीची वाट मिटत असेल तर विंडोजच्या प्रगत सेटिंगांत 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' बंद करावें. तसेंच डिव्हाइस मॅनेजरमध्यें यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंट या पानावर, वीज वांचविण्यासाठीं हें उपकरण बंद करण्याची संगणकास परवानगी आहे, अशा अर्थाची जी खूण असते ती काढावी. त्याच वेळीं विजेचाहि विचार करावा. जुन्या यूएसबी २.० च्या छिद्रांतून ५०० मिलिॲम्पियर आणि ३.० च्या छिद्रांतून ९०० मिलिॲम्पियर प्रवाह मिळावा असा नियम आहे. लहान, अडीच इंची डिस्क फिरत असतां फारसा प्रवाह घेत नाहीं. पण थांबलेली मोटर हलवितांना क्षणभर एक ॲम्पियरच्या आसपास मागते. ओझ्याची हातगाडी चालूं ठेवण्यापेक्षां जागची हलविण्यास अधिक जोर लागतो, तसेंच हें. म्हणून सकाळीं चालणारी डिस्क झोंपेनंतर उठत नाहीं असें दिसलें, कीं लांब, बारीक तार काढून तिच्या सोबत आलेली आंखूड तार लावावी, आणि राउटरला जोडली असल्यास मध्यें स्वतःचा विद्युत्पुरवठा असलेला हब घालावा. साडेतीन इंची मोठ्या डिस्कला स्वतंत्र ॲडॅप्टर असतोच. तो सैल तर नाहीं ना, हें पाहावें.

डिस्कचें स्वतःचें घड्याळ दोषी ठरलें तर निर्मात्यानें दिलेल्या प्रोग्रॅममध्यें झोंपेची मुदत बदलण्याची सोय आहे का, तें पाहावें. लिनक्सवर 'एचडीपार्म' नांवाचें साधन हें काम करतें. परंतु कांहीं दुभाषे तो हुकूम डिस्कपर्यंत पोंचूंच देत नाहींत. कांहींच साधलें नाहीं तर एक जुना उपाय आहे. यजमान संगणकावर असें काम नेमून द्यावें कीं, दर पांच मिनिटांनीं डिस्कवर एका लहानशा फाईलमध्यें एक ओळ लिहिली जाईल. वाचण्यानें भागत नाहीं, कारण मघांशीं सांगितल्याप्रमाणें वाचणें स्मृतींतूनहि होतें, लिहिलेंच पाहिजे. मग झोंपेचें घड्याळ प्रत्येक वेळीं पुन्हां शून्यापासून मोजूं लागतें.

कांहीं वेळां मात्र चौघेहि जागे असतात. विंडोजचा यजमान १५ मिनिटें कांहीं मागणी न आल्यास जोडणी सोडून देतो, आणि दूरच्या पडद्यावर त्या डिस्कच्या चिन्हावर तांबडी फुली दिसते. ती पाहून घाबरूं नये. चिन्हावर दोनदां टिचकी मारली कीं जोडणी बहुधा पूर्ववत् होते. दुसरें असें कीं, झोंपेंतून उठलेल्या यजमानास राउटर कधीं कधीं नवा पत्ता देतो, आणि तुमचा संगणक जुन्याच पत्त्यावर हांका मारीत बसतो. राउटरच्या सेटिंगांत यजमानासाठीं एक पत्ता कायमचा राखून ठेवला म्हणजे हा घोटाळा मिटतो.

येथवर जें सांगितलें तें झोंपेविषयीं. पण झोंप आणि आजार यांतील भेद ओळखतां आला पाहिजे. झोंपेंतून उठणाऱ्या डिस्कचा आवाज एकदांच चढतो आणि स्थिरावतो. एकसारखें टक्-टक् असें ऐकूं येत असेल, मोटर सुरू होऊन पुन्हां पुन्हां थांबत असेल, तर आधीं तार व वीज बदलून एकवार पाहावें. तरीहि आवाज तसाच राहिला तर डिस्क ताबडतोब बंद करावी, आणि तींतील मजकूर मोलाचा असल्यास जाणत्या माणसाकडे न्यावी. प्रत्येक नव्या प्रयत्नानें तबकडीवर ओरखडे पडण्याचा संभव वाढतो. तसेंच, 'ही डिस्क वापरण्यापूर्वीं फॉरमॅट केली पाहिजे' असा प्रश्न पडद्यावर आला तर होकार कदापि देऊं नये. पुष्कळदां मजकूर शाबूत असतो, फक्त त्याची सूची वाचतां येत नसते. होकार दिल्यानें कोऱ्या सूचीची स्थापना होते, आणि सहज मिळाला असता तो मजकूर काढणें कठीण होऊन बसतें.

कोणी विचारील, एवढा खटाटोप करण्यापेक्षां डिस्कला झोंपूंच न दिलें तर काय बिघडलें ? हिशेब करून पाहूं. फिरत राहिलेली मोठी डिस्क सुमारें ५ वॅट वीज घेते असें धरलें, तर दिवसास १२० वॅट-तास आणि वर्षास सुमारें ४४ युनिट होतात. साध्या घरालाहि हा खर्च जड नाहीं. उलट वारंवार झोंपणें-उठणें यांतहि झीज आहेच. वाचनशीर्ष उतरणीवर चढण्या-उतरण्याची मर्यादा निर्माते सांगतात. अनेक डिस्कांची ती ३ ते ६ लक्ष वेळां असते. दिवसांतून चार वेळां झोंपणाऱ्या डिस्कनें हिची चिंता करूं नये. पण दर दोन मिनिटांनीं शीर्ष आंत-बाहेर होत असेल तर दिवसास ७२० आणि वर्षास २,६२,८०० वेळां होतात. तेव्हां झोंपेची मुदत अगदीं थोडी ठेवणें हें काटकसरीचें लक्षण नव्हे. मात्र डिस्क जागी राहावी म्हणून मोठा संगणक रात्रंदिवस जागा ठेवणें हें निराळें प्रकरण आहे. तो ५० वॅट घेत असेल तर वर्षास ४३८ युनिट जळतात. ज्यांस नेहमींसाठीं ही सोय हवी असेल, त्यांनीं अल्प वीज घेणाऱ्या राउटरला किंवा केवळ याच कामाकरितां केलेल्या लहान यंत्राला यजमान करावें. ज्या एसएसडी नांवाच्या डिस्कांत तबकडी किंवा मोटर नसते, त्यांना पूर्ण गतीला येण्याचा हा विलंब नसतो. तथापि दुभाषी आणि यजमान तेथेंहि असतातच.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. डिस्क झोंपली आहे कीं कायमची गेली, या शंकेनें ज्याच्या काळजांत धस्स होतें, त्याच्यापाशीं त्या मजकुराची दुसरी प्रत नसते. वडिलांच्या आवाजाचें ध्वनिमुद्रण पुन्हां करतां येणार नाहीं. डिस्क मात्र बाजारांत नवी मिळते. म्हणून दुसऱ्या एका डिस्कवर सगळ्याची नक्कल करावी, ती तार काढून कपाटांत किंवा नातलगाच्या घरीं ठेवावी, आणि दर महिन्यास एक दिवस ठरवून ती ताजी करावी. ज्याच्या घरीं अशी प्रत आहे, त्याला झोंपलेली डिस्क ही केवळ गैरसोय वाटते. आणि गैरसोयीकडे मनुष्य शांतपणें पाहूं शकतो, मिनिटें मोजूं शकतो, आवाज ऐकूं शकतो. ज्याच्यापाशीं ती नाहीं, त्याचाच हात तारेकडे धांवतो.

तेव्हां या रविवारीं आधीं प्रत करा, आणि मग कागद-पेन्सिल घेऊन घड्याळाकडे पाहत बसा.